दोन फुंकनळ्या

दादाच्या पत्राला धाकट्याने पाच महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचं होतं. 'माझ्या तोंडात पुन्हा बुरशी झाली आहे. औषधाने जाते, महिन्याने परत येते. अशीच राहिली तर काच फुंकणं सोडा, असं डॉक्टर म्हणतात. तुझं तोंड बरं आहे ना?'

काचेची भट्टी दोघांची एकच. सकाळी दादा, दुपारी धाकटा. अबोल्याला बारा वर्षं झाली होती. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा भाऊ पोस्टाने बोलत होता.

धाकट्याचं तोंडही बरं नव्हतंच. डॉक्टरीणबाईंनी त्याची जीभ कापसाने पुसली. पांढरा थर निघाला, खाली लालभडक.

"चौथी खेप ही. बरे होता आणि कुणाकडून तरी परत आणता. कुणाचं उष्टं खाता?"

"छे."

"आणि तुमची ती फुंकनळी?"

"कपाटात असते. कुलपात."

"उकळून घ्या तरी."

घरी हे ऐकून बायको म्हणाली, "मोठ्या भावजींकडे दुसरी किल्ली असणार, दुसरं काय! जाऊन विचारा की. पण तुम्ही कसले विचारताय, तोंडालाही कुलूपच तुमच्या."

तो भट्टीवर गेला. कुलपात तेल सोडलं, दोनदा हिसका दिला, तेव्हा ते उघडलं. त्याने नळी काढून उकळत्या पाण्यात ठेवली.

मग फळीवर दादाने सकाळी केलेला पेला दिसला. इतका पातळ, की उजेडाला मध्ये काच आहे हे कळलंच नसावं. धाकटा हात मागे बांधून उभा राहिला. श्वास लागून फुटेल म्हणून त्याने श्वासही धरला. माणसाची एक फुंकर, आणि ती अशी उभी राहते! चाळीस वर्षांत त्याच्या हातून असा एकही पेला झाला नव्हता. दादा थांबला, तर आता कुणाच्याच हातून होणार नव्हता.

तो तिथेच लिहायला बसला. तीन कागद फाडले. चौथा टपालपेटीपाशी उभं राहून पुन्हा वाचला, पाकीट चिकटवलं आणि आत टाकलं.

'दादा, माझंही तोंड आलंय. औषध दोघांनी एकाच दिवशी सुरू करू. फुंकणं सोडू नकोस. आधी तुझी नळी उकळ. तू घरी गेलास की रोज दुपारी मी तीच ओठांना लावतो.'