कोपराचं माप

"ती गादी खाली ठेव, वोब्बे. लोक बघतायत," आफ्के पुटपुटली.

दुकानाच्या मधोमध तिचा नवरा डायपर बदलायची गादी एका कपाटावरून उचलून दुसऱ्यावर ठेवत होता आणि प्रत्येकापुढे उभा राहून कोपरं वाकवून बघत होता. एरवी दुकान म्हटलं की हा गाडीतच बसून राहायचा. आज आपण होऊन आत आला होता. निवृत्त झाल्यावर माणसाला कशातही गोडी वाटू लागते, अशी आफ्केने मनाची समजूत घातली.

खोली होती वरच्या मजल्यावरची, इस्त्रीची. उतरत्या छपराखाली वोब्बेला तिथे वाकूनच वावरावं लागे. पाळण्याशेजारी खणांचं कपाट ठेवलं की दार उघडत नव्हतं. न्हाणीतल्या टबावर टाकायची फळी आफ्केला नको होती. ओल्या फरशीवर बाळ घेऊन उभं राहायची तिची हिंमत नव्हती. भिंतीला लावायची घडीची फळी विक्रेतीने दाखवली, तर वोब्बेने ती नुसती हलवून पाहिली आणि नाक मुरडलं.

"मीच करतो," तो म्हणाला.

"कर. टेबल तेवढं कर, पुढचं मी बघते."

लेक योरीन लहान होती तेव्हा या माणसाने तिचा एकही डायपर बदलला नव्हता. "तू करू दिलंस कुठे," असं तो कधीतरी म्हणे. आफ्के हसून सोडून देई.

हा सगळा खटाटोप बुधवारसाठी होता. लेकीची, योरीनची, बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवार-मंगळवार छोटा सीम पाळणाघरात जाणार, गुरुवारी त्याचा बाप घरी, शुक्रवारी योरीन. उरला बुधवार. गल्लीतल्या साऱ्या आज्यांना नातवंडांचा एकेक वार होता. कुणी कॉफीला बोलावलं की "मंगळवारी नाही हं जमायचं" असं त्या ऐटीत सांगत. आफ्केलाही एकदा तसं सांगायचं होतं. आणि त्याहून जास्त, तिला ते पोर दिवसभर हवं होतं.

पण फोनवर योरीन म्हणाली होती, "आई, बुधवार दिलाय गं मी. आधीच मागून घेतला."

"कुणी?"

"ज्यांनी मागितला त्यांनाच सांगू दे. मी मध्ये पडणार नाही."

यात विचारायचं काय होतं? कॉर्नेली! विहीणबाई! दारातून आत येताना मान वाकवणारी ती ताडमाड बाई. बारशाच्या वेळीही बाळ तिच्याच मांडीवर होतं. आफ्केला ते इतकं लागलं की बटाटे सोलता सोलता तिने रडून घेतलं.

"सरळ तिलाच विचारते," ती डोळे पुसत म्हणाली.

"नको, नको," वोब्बे घाईघाईने म्हणाला. "उगाच कशाला वाकडेपणा."

म्हणून तिने ठरवलं, खोलीच अशी करायची की योरीनने आपल्या तोंडाने म्हणावं, आई, बुधवार तुझा.

आठवडाभर मागच्या शेडमध्ये रंधा चालला होता. त्या दिवसांत घरात काहीबाही विचित्र होत होतं. आफ्केने आणलेलं डायपरचं पाकीट हलकं लागलं. "दुकानातच कमी भरले असतील," वोब्बे म्हणाला. मीस मांजर त्याची पावलं ऐकली की कपाटाखाली शिरू लागलं. रंध्याच्या आवाजाला भ्यायलं असेल, आफ्केला वाटलं.

शनिवारी टेबल भिंतीला बसलं, छप्पर सगळ्यात उंच होतं त्या जागी. कडा गोल, बाजूला कठडा, खाली टॉवेलांना फळी. देखणं काम होतं. आफ्के पुढे जाऊन उभी राहिली. टेबल तिच्या छातीला लागलं.

"हे काय? कोपराचं माप घेतलं होतंस ना?"

"घेतलं होतं."

"कुणाच्या कोपराचं? कॉर्नेलीच्या?"

वोब्बेचे कान लाल झाले. "चुकलं असेल जरा."

"जन्मभर लोकांचे जिने बांधलेस, एक पायरी वरखाली झाली नाही. नेमकं आत्ताच चुकलं? फितूर झालायस तू!"

त्याने भांडण केलं नाही. शेडमध्ये गेला आणि एक ठेंगणं स्टूल घेऊन आला. तेही त्याच लाकडाचं होतं. आफ्के दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

रविवारी योरीन सीमला घेऊन आली. कॉफी संपते न संपते तोच सीमने वास सोडला. सगळे वर गेले.

"किती छान झालीये खोली!" योरीन म्हणाली.

आफ्केचं काळीज सुपाएवढं झालं. तिने बाळ टेबलावर ठेवलं, स्टुलावर चढली आणि हात पुढे केले. स्टूल डुगडुगलं.

"थांब," वोब्बे म्हणाला.

तो ताठ उभा राहिला. कमरेत जरासुद्धा वाकला नाही. एका हातात दोन्ही इवल्या टाचा धरल्या, दुसऱ्याने पुसलं, नवा डायपर सरकवला, पट्ट्या चिकटवल्या. सीमला रडायला सवडच मिळाली नाही.

आफ्के स्टुलावरून बघतच राहिली. "हे कुठे शिकलास तू?"

वोब्बेने जुना डायपर गुंडाळून हातात घेतला. दारात आलेल्या मीसने त्याच्या हातातला डायपर पाहिला आणि ते मांजर धडपडत जिन्याखाली पळालं.

योरीनने आधी मांजराकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग बापाकडे.

"बाबा, बुधवार तू मागितलायस, हे आईला अजून सांगितलंच नाहीस?"