जुळलेली उत्तरं

"दुसरा प्रश्न?" दवाखान्याच्या बाकावर आईने बोर्डाच्या परीक्षेसारखी उजळणी घेतली.

"वाकताना दुखतं का? नाही," हेमांगी म्हणाली.

"पंधरा दिवसांपूर्वी फॉर्मवर हेच लिहिलंस ना? आजही तेच लिही. चिपड्यांच्या केतकीची दोन्ही वेळची उत्तरं जुळली नाहीत. तेव्हापासून डॉक्टर तिला विचारतच नाहीत, तिच्या कण्यात बसवलेल्या सेन्सरच्या सळीला विचारतात. सळी सांगते, मजेत आहे. केतकी बिचारी रडत असते."

पंधरा दिवसांपूर्वी हेमांगीला खरंच दुखत नव्हतं. पण परवापासून वाकलं की तशीच सळी घालून नुकत्याच सरळ केलेल्या तिच्या कण्यात कळ येत होती. खरं लिहावं, तर ती बेभरवशाची ठरणार आणि जन्मभर तिच्या वतीने सळी बोलणार.

आत जाऊन तिने सगळीकडे जुनीच उत्तरं दिली.

"शंभर टक्के विश्वासार्ह!" सिस्टर कौतुकाने म्हणाल्या. "आता सळीला कोणी विचारणार नाही. तुमचाच शब्द शेवटचा."

हेमांगीचा जीव भांड्यात पडला. "मग सांगते सिस्टर, वाकताना फार दुखतं हो."

सिस्टरनी स्क्रीनकडे पाहिलं आणि मायेने मान हलवली.

"छे, कसं दुखेल? तुम्हीच तर नाही म्हणालात. दोनदा."