थ्रेलगार्थांचा मेळावा

जेराल्डने बिल्ला विनीच्या हातात ठेवला, पण तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. बिल्ल्यावर लिहिलं होतं, ‘विनिफ्रेड ग्रिंडल’.

“हे तर माझं माहेरचं,” विनी म्हणाली.

“यंदापुरतं, वहिनी. लोक उगाच कुजबुजतात. आर्थरदादा असता ना, त्यालाही हेच पटलं असतं.”

मेलेल्या माणसाचं बरं असतं, त्याला काहीही पटवता येतं. विनीने बिल्ला छातीवर लावला.

अख्ख्या इंग्लंडात थ्रेलगार्थ उरलेत जेमतेम साठ. ईस्टर झाला की यॉर्कशरच्या ह्या चर्चच्या हॉलात जमतात, हॅमची सँडविचेस खातात आणि भिंतीवरच्या थोर थ्रेलगार्थांकडे पाहून छाती फुगवतात. एक बिशप, एक बुडालेला कप्तान, नेच्याची नवी जात शोधणारी एक बाई आणि एक क्रिकेटपटू. गडी एकच कसोटी खेळला, तीत शून्यावर बाद झाला, तरी फ्रेम सगळ्यांत मोठी त्याचीच!

डिसेंबरात विनीच्या लेकाने, कॉलिनने, दारू पिऊन ट्रक बसथांब्यात घातला. शाळेच्या दोन मुली गेल्या. पेपरवाल्यांना असं जगावेगळं आडनाव मिळालं, मग काय विचारता! आता थ्रेलगार्थ म्हटलं की लोकांना बिशप आठवत नाही.

तेव्हापासून विनीला रडू आलंच नव्हतं. दातवाल्याने सुई टोचल्यावर गाल होतो, तसं आत सगळं बधिर होतं. वर्षातून एकदा का होईना, तिला नावाने हाक मारणारी माणसं एवढीच होती, म्हणून ती आली होती.

चहाआधी एकेकाने उठून आपण कुणाचे कोण ते सांगायचं, ही जुनी रीत. कुणी बिशपची खापरपणती निघाली, कुणी कप्तानाच्या भावाचा नातू. टाळ्या पडत होत्या. विनीच्या शेजारी रोवेना नावाची तरणी सून तान्हं पोर घेऊन बसली होती. तिने उठून क्रिकेटपटूचं नाव घेतलं आणि ती हसत खाली बसली.

मग विनीची पाळी आली. तिने बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

“विनिफ्रेड थ्रेलगार्थ. कॉलिनची आई.”

टाळी वाजली नाही. जेराल्ड बूट बघत राहिला. रोवेनाने पोराला विनीकडच्या मांडीवरून उचललं आणि पलीकडच्या मांडीवर घेतलं.

विनीने ते पाहिलं. तिला राग आला नाही. तिने आपलीच खुर्ची रोवेनापासून हातभर लांब ओढली.

“बस गं नीट,” ती म्हणाली. “पोराला अवघडल्यासारखं होत असेल.”