परतीचं यान

या, जरा पुढे सरकून बसा. घरी निघालेल्या एका बाईची गोष्ट सांगतो.

दमयंतीकाकू गेल्या, तेव्हा त्यांचा कॉम्प्युटरवरचा खेळ शेवटच्या दाराशी थांबला होता. परग्रहावर अडकलेली एक बाई, आणि दारापलीकडे परतीचं यान. कीर्तनात जन्मभर मागे उभं राहून टाळ धरणारे त्यांचे यजमान नरहरीकाका आता रोज तो खेळ लावून नुसते बसत. माउस हलला नाही की ती बाई आपणहून म्हणायची, "मला घरी जायचंय." तेवढाच घरात कुणाचा आवाज.

"काका, चावी काकूनं मिळवलीय. दारावर क्लिक करा की!" भेटायला आलेली पुतणी हसली.

"दार उघडलं की खेळ संपला. मग माझ्याशी बोलायचं कुणी?"

"आणि तुमच्या सोबतीसाठी त्या बिचारीनं तिथेच कुढायचं?"

कीर्तन कितीही रंगलं तरी आरती लांबवायची नसते, हे काकांना ठाऊक होतं. पुतणी गेल्यावर त्यांनी दारावर क्लिक केलं. यान उडालं, पडदा काळा झाला. रिकाम्या खोलीत काकांनी गजर म्हटला आणि त्याला साथही स्वतःच दिली.

मंडळी, संध्याकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा नरहरीकाकांची आठवण असू द्या.