पहिल्या बर्फाची अट

घरात ऊब सोडणाऱ्या जाळीतून गार हवा यायला लागली तसा म्हातारा रेइनो हकाला उठला. त्याने जाळीवर बराच वेळ तळहात धरला, मग फोन उचलला आणि घर तापवायच्या गॅसच्या भट्ट्या बसवणाऱ्या पेत्रुकला बोलावून घेतलं. मुलगी किर्स्ती त्याला अडवू शकत नव्हती. अट तिनेच मान्य केली होती. घर तापवणारा विजेचा नवा हीट पंप पहिल्या बर्फात टिकला तर ठेवायचा, नाहीतर पुन्हा गॅस. कॅनडातल्या थंडर बेमध्ये आदल्या रात्रीच पहिला बर्फ पडला होता.

पेत्रुकने दारात बूट काढले आणि मोज्यांवरच तो स्वयंपाकघरात शिरला. आयती कॉफी मिळाली, नव्या भट्टीच्या कराराचा कागद त्याने टेबलावर पसरला. विजेच्या ओव्हनचं दार सताड उघडं टाकलं होतं आणि त्याच्यासमोर रेइनोची बायको लेम्पी दोन गोधड्या गुंडाळून बसली होती. तरी तिचे ओठ निळे पडत चालले होते. एप्रिलपासून तिची छाती पार नाजूक झाली होती, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की गारठा लागता कामा नये.

"चाळीस वर्षं गॅसवर काढली," रेइनो म्हणाला. "एक दिवस घर गार पडलं नाही. आणि ह्या बाईसाहेबांचा पंप पहिल्याच बर्फाला मान टाकतो!"

"त्याच गॅसने आईचा जीव घेतला असता, बाबा. भट्टीला तडा गेला, विषारी हवा घरभर झाली, ना वास ना रंग. एप्रिलमध्ये ईस्टरला येऊन मी दार उघडलं म्हणून, नाहीतर ती खुर्चीतल्या खुर्चीत गेली असती."

"ती जुनी भट्टी होती. मी नवी घेतोय."

"नव्यात ती भानगड होत नाही गं," पेत्रुक मध्येच म्हणाला. "आता बोला, कामाला लागू की गप्पा मारत बसू? वहिनी गारठतायत."

किर्स्तीला भीती वाटत होती. पंप तिच्या हट्टापायी आला होता. आता आईला काही झालं तर ते तिच्याच माथी. पंपाच्या बाहेरच्या पंख्यापुढे बर्फ साचून हवा अडली असेल, एवढी एकच आशा धरून ती फावडं घेऊन बाहेर पडली.

घराच्या मागच्या भिंतीशी ती थबकली. पंपाचा बाहेरचा डबा दिसतच नव्हता. त्याच्यावर हिरवी ताडपत्री होती, चारी बाजूंनी ताणलेली, दोरीने करकचून आवळलेली, वर फळी आणि फळीवर दगड. इतकं नेटकं काम त्या गल्लीत एकाच माणसाला जमायचं.

तिचं डोकंच फिरलं. गाठ सोडत बसायला तिला धीर नव्हता, फावड्याच्या धारेनेच तिने दोरी तोडली. आत येऊन पंपाचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं आणि ताडपत्री पेत्रुकच्या कागदावर आपटली. बर्फ त्याच्या कॉफीत पडला.

"जिंकायचंच होतं ना तुम्हाला? त्यासाठी आईला गारठवलंत?"

रेइनोने दोरीचं तुटकं टोक हातात घेतलं. "कापलीस कशाला? चांगली दोरी होती."

"बाबा!"

"अगं, बर्फ पडायच्या आत झाकायचंच असतं. दरवर्षी झाकतो की मी!" त्याला खरोखरच कळत नव्हतं. "काल आभाळ भरून आलं. म्हटलं, पोरीने एवढ्या हौसेने आणलेली वस्तू, उघड्यावर गंजून जायची."

किर्स्तीने भांडणाची सगळी तयारी केली होती. या उत्तराची तेवढी केली नव्हती.

पेत्रुकला हसू आवरेना. "रेइनो, लेका, दरवर्षी झाकायचास तो उन्हाळ्यातला एसी होता! ह्याचं खरं काम हिवाळ्यातच. बाहेरच्या हवेतूनच ऊब ओढतो तो. तू त्याच्या नाकातोंडाला फडकं बांधलंस!"

रेइनो हसला नाही. तो लेम्पीच्या ओठांकडे बघत होता. भिंतीपलीकडे यंत्र घरघरलं आणि थोड्या वेळाने जाळीतून कोमट वारा आला, पण कुणी तिकडे वळलं नाही.

"म्हणजे मीच," तो म्हणाला. मग एकदम, "पेत्रुक, गॅसच बसव."

"बाबा, आता कळलंय ना आपल्याला!"

"कळलं म्हणूनच." त्याने दोरीचं टोक टेबलावर टाकलं. "हाताला सवय लागलीय, पोरी. पुढच्या बर्फाला मी विसरणार आणि पुन्हा झाकणार. तू टोरांटोला असशील. भट्टी तळघरात असते, तिला मी काही करायला जात नाही."

हे खोटं नव्हतं, किर्स्तीलाही ते ठाऊक होतं. पेत्रुकने कागदावरचं पाणी बाहीने टिपलं आणि पेन पुढे केलं. रेइनोने ते घेतलं.

"थांब," लेम्पी म्हणाली.

सकाळपासून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिने गोधडीतून हात काढला आणि नवऱ्याचं मनगट धरलं. बोटं अजून गारच होती.

"भट्टी बिघडली तेव्हा मला नुसती झोप येत होती, रेइनो. छान झोप. तू अंगणात सौनाची, वाफेची न्हाणी तापवायला लाकडं फोडत होतास. खिडकीतून दिसत होतास मला. पण तुला हाक मारावी असं मनातसुद्धा आलं नाही." दम खायला ती थांबली. "हा पंप बिघडला तर थंडी वाजते. थंडी वाजली की मी हाक मारते."