सहावा रकाना

“हे अक्षर मी पाहिलंय,” भिंगकाका म्हणाले, आणि खिडकीजवळच्या टायपिस्टबाईंनी कपाळावर हात मारला. झालं! गेली जेवणाची सुट्टी.

भिंगकाका म्हणजे निवृत्तिवेतन शाखेचे हेडक्लार्क. खरं नाव फक्त हजेरीपटावर. संशयाशिवाय त्यांचा दिवस सरत नसे. घरी बायकोनं नुसतं ‘चहा ठेवू का?’ विचारलं, तरी ते म्हणायचे, ‘का गं, काय झालं?’

समोर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. त्यांचा नवरा सरकारी लिफ्ट तपासनीस होता. चार वर्षांपूर्वी बडतर्फ झाला. बडतर्फ माणसाचं पेन्शन जातं, पण प्रकरण खरंच दया येण्यासारखं असेल तर सरकार त्यातला काही हिस्सा देतं. त्याचाच हा अर्ज. नवऱ्याला अर्धांगवायू झाला होता, उजवी बाजू लुळी. डॉक्टर म्हणत होते, रोज व्यायाम करून घेणारं माणूस ठेवा, वर्षभरात चालायला लागतील. ते माणूस बाईंना परवडत नव्हतं. म्हणजे पेन्शनचा तुकडा मिळाला तर नवरा उभा राहणार, नाहीतर कायमचा खाटेवर. आणि सगळं येऊन अडलं होतं फॉर्मच्या सहाव्या रकान्यावर. ‘प्रकरण सहानुभूतीस पात्र आहे काय? कारण द्या.’ तो रकाना भिंगकाका भरायचे. वरचे साहेब खाली मुकाट सही करायचे.

काकांनी बडतर्फीची जुनी फाइल ओढली. धूळ उडाली, टायपिस्टबाई शिंकल्या. तळाशी तो कागद सापडला. निनावी तक्रार, जिच्यावरून चौकशी लागली होती. ‘तुमचे तपासनीस जागेवर जातच नाहीत. रविवारी घरी चहा पीत आठवड्याच्या दाखल्यांवर सह्या करतात. रुग्णालयाची लिफ्ट धोक्याची आहे. कोणी मरायच्या आत बघा.’

चौकशीत शब्दन् शब्द खरा निघाला होता.

काकांनी अर्ज आणि तक्रार शेजारी शेजारी ठेवली. तीच डावीकडे झुकलेली अक्षरं. तीच ओळ, शेवटाला खाली घसरणारी. ज्यानं या माणसाची नोकरी घालवली, तोच आता याच्यासाठी दया मागतोय? छे. कुठंतरी पाणी मुरतंय! आणि रविवारचा चहा बाहेरच्या माणसाला कसा दिसला?

“बाई, ओळखपत्र.”

बाईंनी दिलं. फोटो त्यांचाच होता. काकांनी तो उजेडात धरला, नखानं खरवडला.

“काका, आता चावून बघा,” टायपिस्टबाई पुटपुटल्या.

काकांनी लक्ष दिलं नाही. “अर्ज कोणी लिहिला?”

“मीच. त्यांचा हात चालत नाही.”

काकांनी तक्रार हळूच पुढे सरकवली. आता ही घाबरेल, रडेल, नाहीतर ‘अय्या, हे काय?’ म्हणेल. तिन्हींवर त्यांचे प्रश्न तयार होते.

बाईंनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.

“हेही मीच.”

टायपिस्टबाईंची बोटं हवेतच थांबली.

“स्वतःच्या नवऱ्याची तक्रार?” काकांचा आवाज चिरकला. “आपल्याच पायावर धोंडा?”

“दहादा सांगितलं होतं त्यांना, जागेवर जाऊन बघा. तर म्हणायचे, तुला काय कळतं. मग रुग्णालयाची लिफ्ट मधेच अडकली. आत स्ट्रेचरवर एक बाळंतीण होती. वाचली बिचारी. आणि त्याच रविवारी त्याच लिफ्टच्या दाखल्यावर यांनी माझ्यादेखत सही ठोकली. न बघता. मग बसले मी लिहायला.”

काकांनी पेनचं टोपण काढलं. त्यांना सगळं उलगडलं होतं. लाच नाही, वैर नाही, बनवाबनवी नाही. होता तो फक्त एक कामचुकार माणूस, आणि त्याला घरातल्याच माणसानं पकडून दिलं होतं. असल्या माणसाची शिफारस कोण करेल?

“तुम्हालाच त्यांची दया आली नाही बाई, मग सरकारला का यावी?” पेन सहाव्या रकान्यावर टेकलं. “दया करावी असं काय आहे हो त्या माणसात? एक गोष्ट सांगा. एकच.”

बाईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. काकांनी पेन काही उचललं नाही.

“चौकशीतला त्यांचा जबाब काढा,” बाई म्हणाल्या. “प्रत घरी आली होती, तेव्हा मी वाचला. नववा प्रश्न बघा.”

काकांनी अंगठा ओला करून पानं उलटली आणि मोठ्यानं वाचलं, “‘तक्रारीचा मूळ कागद दाखवण्यात आला. हे अक्षर आपण ओळखता का?’ उत्तर, ‘नाही.’ खाली सही.”

“बावीस वर्षं याच अक्षरातली सामानाची यादी खिशात घालून बाजारात जाणारा माणूस,” बाई म्हणाल्या, “‘नाही’ म्हणाला, साहेब.”