डगल्याचं माप

माझ्या बायकोला दुपारी दुकानात एक माणूस दिसायचा. मला कधीच दिसला नाही. ती म्हणायची, देवमाणूस आहे, आपल्या दोघांसाठी येतो.

"अहो, त्याला थंडी वाजते," एकदा ती म्हणाली. मी शिंपी. तिने हवेत हात धरून माप दाखवलं आणि मी डगला शिवून खुंटीला टांगला.

मग ती गेली. डगला कोणी अंगात घातला नाही, तरी बाह्या कोपरांपाशी झिजू लागल्या.

मेहुणीला दाखवलं. "भावोजी, तुम्हीच घालून बसत असाल," ती हसून म्हणाली.

"मला तो पायात येतो," मी म्हणालो. मग ती हसली नाही.

तो येतो, तर कधीतरी तीही दिसेल, या आशेवर मी दुकान उघडं ठेवलं.

आज जेवून परतलो, तर डगल्याच्या कोपरावर नवं ठिगळ होतं. टाके डावखुऱ्या हाताचे, तिचे. शेजारच्या खुंटीवर माझा सदरा होता. त्याचं बटण तिच्या आजारपणापासून तुटलेलं आहे. त्याला हातही लागला नव्हता.

सुई ठिगळातच होती. ओवण्याआधी ती दोरा ओठांत धरायची. दोऱ्याचं टोक अजून ओलं होतं.